वन टिकते आहे हे कशावरून ओळखावे?
यवतमाळ जिल्ह्यातील सागवनांच्या मोजणीचा एक अभ्यासपाठ

शाळेच्या स्मरणिकेत संस्थेची वाटचाल, गुरुजनांचे स्मरण आणि माजी विद्यार्थ्यांचे मनोगत यांना प्रथम मान असतो व तो योग्यच आहे. तथापि अशा ग्रंथात एखादा पाठही असावा, जो वसतिगृह सोडून गेलेल्या विद्यार्थ्याच्या पुन्हा उपयोगी पडेल आणि त्याच्या आईवडिलांनाही आपला वाटेल, असे आम्हांस वाटते. त्या हेतूने आम्ही हा विषय निवडला आहे.

आपल्या जिल्ह्यात घाटंजी, केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, राळेगाव, उमरखेड या तालुक्यांतील कित्येक गावांची शीव जंगलाला लागून आहे. या गावांतील घरांचे वर्ष शेतीबरोबर वनावरही चालते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले, त्यामागोमाग चारोळी, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात रानभाज्या आणि बारा महिने सरपण. कापसाचे पीक हातचे गेले की त्या वर्षी मोह आणि तेंदू यांवरच घराची भिस्त राहते. म्हणून ‘आपले वन टिकते आहे काय?’ हा प्रश्न पर्यावरण दिनाच्या भाषणापुरता नाही. तो चुलीचा आणि मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर अंदाजाने देता येत नाही, ते मोजूनच द्यावे लागते. काय मोजावे, कसे मोजावे आणि कोणी मोजावे, हे सांगणे हा या लेखाचा उद्देश आहे.

आपल्या जिल्ह्याचे वन

यवतमाळ जिल्ह्याचे भौगोलिक क्षेत्र १३,५८२ चौरस किलोमीटर असून त्याचा जवळपास पाचवा हिस्सा वनाच्छादित आहे. शास्त्रीय वर्गीकरणात हे वन ‘उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी’ या प्रकारात मोडते. पाऊस बहुतांशी चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने झाडांना जमिनीतील ओलीवर काढावे लागतात. पाणी वाचवण्यासाठी झाडे पाने गाळतात. उन्हाळ्यात उघडेबोडके दिसणारे रान मेलेले नसते, ते तग धरून असते.

या वनात साग प्रमुख आहे. त्याच्या सोबतीला ऐन, धावडा, तिवस, बिजा, हळदू, कळंब, लेंडिया, सालई, मोह, तेंदू, चारोळी, आवळा, बेहडा, पळस आणि बांबू आहेत. सागाला किंमत येत असल्यामुळे शतकाहून अधिक काळ या वनांची व्यवस्था सागाभोवतीच फिरत राहिली. कूप पाडणे, ठुटाला फुटलेले धुमारे वाढू देणे, विरळणी करणे, लागवड करणे ही सारी कामे ठरलेल्या आराखड्याप्रमाणे होतात. त्या आराखड्याला वनखात्यात ‘कार्य आयोजना’ म्हणतात आणि तो साधारणपणे दहा वर्षांसाठी असतो. १९७४ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र वनविकास महामंडळानेही राज्यात सागाची विस्तृत लागवड केली. अर्थात आपली वने ही माणसाने हाताळलेली, व्यवस्थापनाखालची वने आहेत. अशा वनात तोड झाली म्हणजे वन संपले असे होत नाही, आणि तोड थांबली म्हणजे वन सुरक्षित झाले असेही होत नाही. यामुळेच मोजणीची गरज निर्माण होते.

मोजणीचा इतिहास : लाकडापासून परिसंस्थेपर्यंत

वनातून किती घ्यावे, हा प्रश्न जुना आहे. जर्मनीतील सॅक्सनी प्रांताच्या खाणींना लाकूड कमी पडू लागले, तेव्हा हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ या अधिकाऱ्याने १७१३ साली ग्रंथ लिहून असा विचार मांडला की, जितके पुन्हा उगवते तितकेच तोडावे. भारतात १८६४ साली डीट्रिख ब्रँडिस हे पहिले वन महानिरीक्षक झाले आणि हाच विचार येथील वनखात्याचा पाया ठरला. आपल्या शेतकऱ्याला तो मुद्दल आणि व्याजाच्या भाषेत चटकन समजतो. उभे लाकूड हे मुद्दल, वर्षाची वाढ हे व्याज. व्याज खावे, मुद्दलाला हात लावू नये.

हा विचार चांगला असला तरी अपुरा आहे. त्यात फक्त लाकडाचा हिशेब होतो. लाकडाचे व्याज नियमित येत असूनही माती वाहून जाऊ शकते, नाला डिसेंबरातच आटू शकतो, मोहाला वारस उरत नाही, पाखरे निघून जातात आणि वनाकाठची माणसे उपाशी राहू शकतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस जगाने हे मान्य केले. आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय इमारती लाकूड संघटनेने १९९२ साली शाश्वत वनव्यवस्थापनाचे निकष आणि निर्देशक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी रिओ येथे वसुंधरा परिषद भरली आणि त्यानंतर निरनिराळ्या देशसमूहांनी आपापले निकष ठरवले.

भारतात हे काम भोपाळच्या भारतीय वनप्रबंध संस्थेने १९९८-९९ च्या सुमारास हाती घेतले. ते ‘भोपाळ-भारत प्रक्रिया’ या नावाने ओळखले जाते. त्यात आठ निकष आहेत : वन व वृक्षाच्छादनाचा विस्तार, जैवविविधता, परिसंस्थेचे आरोग्य व चैतन्य, मृदा व जल यांचे संरक्षण, वनाची उत्पादकता, वनोपजाचा योग्य वापर, सामाजिक-सांस्कृतिक-आध्यात्मिक लाभ आणि धोरण, कायदा व संस्था यांची पुरेशी व्यवस्था. २०१४ च्या राष्ट्रीय कार्य आयोजना संहितेतही अशा निकषांना स्थान मिळाले.

येथे दोन संज्ञा नीट समजून घेतल्या पाहिजेत. ‘निकष’ म्हणजे आपल्याला काय टिकवायचे आहे ते, आणि ‘निर्देशक’ म्हणजे ते टिकले की नाही हे दाखवणारी, मोजता येणारी खूण. ‘मूल निरोगी असावे’ हा निकष झाला, तर त्याचे वजन, उंची आणि भूक हे निर्देशक झाले. एकट्या वजनावरून कोणी वैद्य निदान करीत नाही. वनाचेही तसेच आहे.

आकाशातून दिसणारे वन

डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८१ साली स्थापन झाली. १९८७ पासून ती साधारणतः दर दोन वर्षांनी देशाच्या वनस्थितीचा अहवाल काढते. उपग्रहाच्या चित्रांवरून तयार होणाऱ्या या अहवालात छत्राच्या घनतेप्रमाणे वनाचे वर्ग केलेले असतात. ७० टक्के किंवा अधिक छत्र असेल तर अतिघन, ४० ते ७० टक्के असेल तर मध्यम घन, १० ते ४० टक्के असेल तर विरळ, आणि त्याहून कमी असेल तर झुडपी क्षेत्र. पानझडी वनांचा विचार करून ही चित्रे पाने झाडावर असतानाच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या महिन्यांतील घेतली जातात.

संपूर्ण देशाला एकाच फूटपट्टीने मोजणारे हे काम मोलाचे आहे. पण त्याची व्याख्या ध्यानात ठेवली पाहिजे. किमान एक हेक्टर क्षेत्रावर १० टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र असेल, तर ती जमीन कोणाची, तेथे काय पिकते आणि झाड कोणत्या जातीचे, हे न पाहता ते ‘वनाच्छादन’ धरले जाते. त्यामुळे आंब्याची बाग, निलगिरीची लागवड आणि जुने मिश्र सागवन ही तिन्ही आकाशातून एकाच हिरव्या रंगात दिसू शकतात. छत्राखाली काय चालले आहे, रोपे आहेत की नुसती घाणेरीची झुडपे माजली आहेत, हे उपग्रह सांगत नाही. ते पाहण्यासाठी माणसाला पायी जावे लागते.

लागवडीच्या आकड्यांनाही हेच लागू पडते. राज्यात १ जुलैपासून सुरू होणाऱ्या वृक्षलागवड मोहिमांचे लक्ष्य २०१६ मध्ये २ कोटी होते, ते २०१९ मध्ये ३३ कोटींवर गेले. लोकांनी उत्साहाने खड्डे खणले, हे कौतुकास्पदच आहे. परंतु लावलेल्या रोपांची संख्या हा परिश्रमाचा आकडा आहे. तीन उन्हाळे काढून उभे राहिलेले रोप हा वनाचा आकडा आहे. पेरणी किती एकरांवर झाली यावरून कोणी शेतकरी उत्पन्न सांगत नाही.

जमिनीवरून करावयाची पाच मोजमापे

आठ निकषांखाली अनेक निर्देशक येतात. ते सर्व मोजणे तज्ज्ञांच्या पथकाचे काम आहे. मात्र गावाला, शाळेला किंवा ग्रामसभेला पेलतील अशी पाच मोजमापे आम्ही येथे देतो. त्यांवरून वनाच्या प्रकृतीचा पुष्कळसा बोध होतो.

१. झाडांच्या पिढ्या

हे मोजमाप सर्वांत महत्त्वाचे आहे. टिकणाऱ्या मिश्र वनात रोपे पुष्कळ, बालवृक्ष त्याहून कमी, तरुण झाडे आणखी कमी आणि जुनी झाडे मोजकी असतात. कागदावर उभ्या रेघा काढल्या तर उतरत्या पायऱ्यांचे चित्र तयार होते. मधली पायरी नाहीशी झाली तर त्या काळात काहीतरी बिघडले असे समजावे. पहिलीच पायरी नसेल, तर आजचे वन हे शेवटची पिढी होय.

झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर, म्हणजे छातीच्या उंचीवर मोजतात. घेर मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा व १२.५७ ने भागावे. येणारे उत्तर म्हणजे त्या खोडाने व्यापलेले क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये. आता समजा, २० मीटर लांब व २० मीटर रुंद असे दोन चौकोन आहेत. पहिल्यात ८ झाडे असून प्रत्येकाचा घेर ०.९ मीटर आहे. दुसऱ्यातही ८ झाडे आहेत, पण दोघांचा घेर १.५ मीटर, दोघांचा ०.९ मीटर आणि चौघांचा ०.३ मीटर आहे. हिशेब केला तर दोन्ही चौकोनांत खोडांचे एकूण क्षेत्रफळ सारखेच, सुमारे ०.५१६ चौरस मीटर येते. असा चौकोन हेक्टरच्या पंचविसाव्या भागाएवढा असल्याने २५ ने गुणले की दोन्हीकडे हेक्टरी सुमारे १२.९ चौरस मीटर होतात.

झाडांची संख्या सारखी, क्षेत्रफळही सारखे. लाकडाचा ढोबळ हिशेब करणाऱ्याला दोन्ही चौकोन एकच वाटतील. परंतु पहिल्यात सारी झाडे एकाच आकाराची आहेत. ती तोडली किंवा वठली तर मागे कोणी नाही. दुसऱ्यात आजोबा, वडील आणि नातवंडे एकत्र नांदत आहेत. दोन्ही वनांचे भवितव्य वेगळे आहे आणि ते केवळ बेरजेत दिसत नाही. लागवडीच्या वनात पहिले चित्र दिसणे स्वाभाविक आहे, कारण सारी झाडे एकाच वर्षी लावलेली असतात. तेथे तोडीनंतर पुढची पिढी कोठून येणार याची तजवीज आराखड्यात आहे की नाही, हे पाहावे.

रोपे मोजताना एक सावधगिरी बाळगावी. शुष्क वनात सागाचे रोप उन्हाळ्यात किंवा आगीत वरून जळते, मूळ मात्र जिवंत राहते आणि पावसाळ्यात पुन्हा फुटते. असे वर्षानुवर्षे चालू शकते. दरवर्षी गुडघाभर उंचीची शंभर रोपे दिसत असतील, पण एकही छातीच्या वर जात नसेल, तर त्याला पुनर्निर्मिती म्हणता येणार नाही. म्हणून केवळ संख्या लिहून भागत नाही, उंचीप्रमाणे वर्ग करावेत.

२. मोहाचा वारस

पहिल्याच मोजमापाचा हा एक भाग असला तरी तो स्वतंत्रपणे सांगण्यासारखा आहे. मोहाचे झाड दीर्घायुषी असते. आजोबांनी वेचले त्याच झाडाखाली नातू वेचतो. फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. त्या आगीत उगवलेली रोपे जातात. पुढे फळे, म्हणजे टोळ, तेलासाठी गोळा होतात. उरल्यासुरल्या रोपांवर गुरे-शेळ्या तोंड टाकतात. परिणामी गावाच्या शिवारात डेरेदार मोह पुष्कळ असतात आणि मनगटाएवढ्या जाडीचा एकही सापडत नाही.

या स्थितीत फुलांचे उत्पन्न कमी होत नाही. ते पुढची कित्येक वर्षे येत राहील आणि मग एका पिढीच्या काळात झाडे एकामागून एक वठतील. उत्पन्नाचा आकडा येथे धोका झाकून ठेवतो. वारस नसलेल्या घरात आज सुबत्ता असावी, तशी ही अवस्था आहे. उपायही याच मोजणीतून सुचतो. पाचोळा जाळण्याऐवजी झाडून बाजूला करावा किंवा झाडाखाली जाळी अथवा कापड अंथरावे, काही झाडांचे टोळ न वेचता राखून ठेवावेत आणि जगलेल्या रोपांना काट्याचे कुंपण करावे. दोन-चार वर्षांनी पुन्हा मोजले की उपाय लागू पडला की नाही ते कळेल.

३. माती आणि पाणी

पाचोळ्याच्या थराची जाडी साध्या पट्टीने मोजता येते. दोन्ही बाजूंनी उघडा असलेला पत्र्याचा डबा जमिनीत चार-पाच सेंटिमीटर रुतवावा, त्यात एक लिटर पाणी ओतावे आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहावे. दाट झाडीत, गुरांच्या वाटेवर आणि जळालेल्या जागी असे तीन ठिकाणी केले तर फरक सांगावा लागत नाही, तो विद्यार्थ्याला डोळ्यांनी दिसतो. तुडवल्या गेलेल्या आणि जळालेल्या जमिनीत पाणी मुरत नाही. ते मातीसह उताराने वाहून धरणात जाते आणि धरणाचा तळ गाळाने भरतो.

त्याहून सोपी नोंद म्हणजे गावच्या नाल्याची. वाहते पाणी कोणत्या तारखेला थांबले, हे दरवर्षी लिहून ठेवावे. शेजारी त्या वर्षीचा पाऊसही लिहावा, म्हणजे कमी पावसाचा दोष वनावर जाणार नाही. अशा दहा वर्षांच्या दहा ओळी पुष्कळ काही सांगतात.

४. आग आणि आगंतुक

आपल्याकडे वणव्याचा काळ फेब्रुवारी ते जून. मोहासाठी, तेंदूला नवी पालवी यावी म्हणून, किंवा विडीच्या थोटकाने लागलेली आग गवतावरून पसरते. उपग्रह मोठ्या आगीची सूचना वनखात्याला देतात, परंतु जमिनीलगत सरपटत जाणारी लहान आग गावालाच प्रथम दिसते. कोणत्या कक्षात, कोणत्या दिवशी, अंदाजे किती क्षेत्र जळाले याचा नकाशा करावा. एखादी जागा तीन वर्षांत तीनदा जळाली असेल तर तेथील रोपांचा तक्ता काय सांगतो, ते ताडून पाहावे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात वने अकारण अथवा प्राण्यांच्या नाशासाठी जाळू नयेत, अशी आज्ञा कोरविली होती. म्हणजे ही चिंता या भूमीत नवी नाही.

आगंतुक वनस्पतींत घाणेरी मुख्य आहे. ती मूळची अमेरिका खंडातील. छत्र विरळ झाले की ती पसरते, तिच्या दाटीत रोपे उगवत नाहीत आणि वाळली की ती आगीला इंधन होते. चौकोनाच्या किती भागावर तिचा विळखा आहे हे टक्क्यांत लिहावे. हिरवेपणा वाढला आणि वन घटले, असे घडते ते बहुधा येथेच.

५. वन्यजीव आणि वाटा

केळापूर-घाटंजी परिसरातील टिपेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र १४८.६३ चौरस किलोमीटर आहे. वाघाच्या दृष्टीने ही जागा लहान आहे. रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण नर वाघ २०१९ साली येथून निघाला आणि तेलंगणाच्या हद्दीतून व मराठवाडा-विदर्भातील शेतशिवारांतून सुमारे ३,००० किलोमीटरची वाटचाल करून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या वाटेवरचे नाल्याकाठचे झाडीचे पट्टे आणि छोटी वने कोणत्याही अभयारण्यात मोडत नाहीत. तरीही ती नसती तर हा प्रवास झाला नसता. वनाचा एक तुकडा टिकतो आहे काय, हे पाहताना तो शेजारच्या तुकड्याला जोडलेला आहे काय, हेही पाहावे लागते.

याच जिल्ह्याने दुसरी, वेदनेची बाजूही पाहिली. राळेगाव-पांढरकवडा परिसरात एका वाघिणीशी दहाहून अधिक माणसांचे मृत्यू जोडले गेले आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती वाघीण गोळीबारात मारली गेली. मेलेली माणसे शेतात राबणारी, गुरे चारणारी, आपल्यातलीच होती. म्हणून वन्यजीवांच्या नोंदवहीत पाऊलखुणा आणि विष्ठा यांच्याबरोबर मारली गेलेली जनावरे, जखमी माणसे आणि भरपाई मिळण्यास लागलेले दिवस यांनाही रकाना असावा. ज्या वनाची किंमत केवळ शेजारच्या गरिबाने मोजावी, ते वन सामाजिक निकषावर टिकाऊ ठरत नाही.

मोजणीची रीत

साहित्य फार लागत नाही. कपडे शिवणाऱ्याची फीत, तीस मीटरची दोरी, चार दगड, चुना, वही आणि पेन्सिल पुरे. जागा डोळ्यांना आवडली म्हणून निवडू नये, कारण माणूस नकळत चांगलीच जागा निवडतो. गावच्या वनाच्या नकाशावर चौकटी आखाव्यात, त्यांना क्रमांक द्यावेत आणि चिठ्ठ्या टाकून दहा-बारा चौकटी ठरवाव्यात. प्रत्येक ठिकाणी २० मीटर बाजूचा चौकोन दोरीने आखावा. समोरासमोरच्या कोपऱ्यांतील अंतर २८.३ मीटर आले की चौकोन काटकोनी झाला असे समजावे. कोपऱ्यांवर दगड पुरून चुना लावावा, म्हणजे पुढच्या खेपेस तीच जागा सापडेल.

मोठ्या चौकोनात १० सेंटिमीटरपेक्षा अधिक घेराचे प्रत्येक झाड, जातीच्या नावासह, मोजावे. नाव स्थानिक बोलीतलेच लिहावे. कोलामी किंवा गोंडी नाव ठाऊक असेल तर तेही लिहावे, कारण ते ज्ञानदेखील जपण्याजोगे आहे. चार कोपऱ्यांत २ मीटर बाजूचे चार लहान चौकोन आखून त्यांत रोपे मोजावीत. त्यांचे एकूण क्षेत्र १६ चौरस मीटर होते, म्हणून हेक्टरी संख्या काढण्यासाठी ६२५ ने गुणावे. मोजणी दरवेळी एकाच महिन्यात करावी. पाऊस ओसरल्यानंतरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ सोयीचा असतो. रोपे व आग यांची नोंद दरवर्षी ठेवावी. झाडांचा घेर पाच वर्षांनी पुन्हा मोजला तरी चालेल.

आकडे वाचतानाही संयम हवा. एका वर्षाच्या घटीवरून आरोळी ठोकू नये आणि एका वर्षाच्या वाढीवरून सत्कार करू नये. दुष्काळी वर्षी रोपे कमी होणारच. बांबूला कित्येक दशकांनी एकदाच फुलोरा येतो आणि फुललेली बेटे मरतात. त्या वर्षीचा बांबूचा आकडा पाहून कोणाला दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. तुलनेसाठी वापरातील वनाबरोबर राखलेल्या वनातही काही चौकोन असावेत. दोन्हीकडे घट असेल तर कारण बहुधा हवामानात आहे. केवळ एकीकडे असेल तर ते आपल्या वापरात शोधावे.

मोजणार कोण?

आतापर्यंतचा हिशेब विज्ञानाचा होता. आता प्रश्न हक्काचा येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला आपल्या सामूहिक वनाचे संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे. त्याच कायद्याने ग्रामसभेवर वन, वन्यजीव आणि जलस्रोत राखण्याची जबाबदारीही सोपवली आहे. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली असा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली त्या ग्रामसभेला स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार मिळाला. त्या गावाच्या यशामागे अभ्यासगटाची दीर्घ परंपरा आहे. निर्णय घेण्याआधी विषय समजून घ्यावा, ही तेथील रीत आहे.

हक्क मिळाल्यानंतर खरी परीक्षा सुरू होते. एखाद्या दिवशी कोणी विचारील, ‘गावाच्या ताब्यात गेल्यावर वन वाढले की घटले?’ त्या वेळी गावाजवळ स्वतःची वही नसेल, तर दुसऱ्याचा आकडा खरा धरला जाईल. तो आकडा आकाशातून घेतलेला असेल आणि त्यात मोहाची राखलेली रोपे दिसणार नाहीत, कुऱ्हाडबंदी दिसणार नाही, रात्री उठून विझवलेली आग दिसणार नाही. ज्यांच्याकडे लेखी नोंद नव्हती त्यांचे म्हणणे ऐकले गेले नाही, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. अक्षरज्ञान हा मुक्तीचा मार्ग आहे असे आपण मानतो. मोजणी हा त्याच अक्षरज्ञानाचा पुढचा धडा आहे.

गावाची वही प्रामाणिकही असली पाहिजे. तोटा झाला तर तो लिहावा. तेंदूच्या पुडक्यात ७० पाने असतात आणि ती मोजून घेतली जातात. तेथे कोणी अंदाज चालवून घेत नाही. ज्या काटेकोरपणाने आपण विक्रीचे पान मोजतो, त्याच काटेकोरपणाने मागे राहिलेले झुडूपही मोजले पाहिजे. वनखात्याची कार्य आयोजना आणि ग्रामसभेची वही एकमेकांच्या विरोधात उभ्या राहण्याचे कारण नाही. एक दहा वर्षांचा आणि मोठ्या क्षेत्राचा विचार करते, दुसरी दरवर्षीचा आणि हाताच्या अंतरावरचा. वनरक्षक आणि ग्रामसभेचा सचिव एका चौकोनात उभे राहून एकच फीत धरतील, तर पुष्कळ वाद निर्माणच होणार नाहीत.

समारोप

माजी विद्यार्थ्यांना आमचे नम्र सांगणे असे की, आपण नोकरीनिमित्त नागपूर-पुण्यास असलात तरी गावाशी संबंध आहेच. सुटीत गेल्यावर एक चौकोन आखून द्या, एका मुलीला आणि एका मुलाला घेर मोजायला शिकवा. पालकांना आमची विनंती अशी की, मोहाखाली जगलेले एक रोप आपल्या मुलाच्या स्वाधीन करा. शिक्षकांनी परिसर अभ्यासाच्या तासाला हा पाठ वर्गाबाहेर न्यावा. क्षेत्रफळ, गुणाकार, सरासरी आणि टक्केवारी शिकवण्यास जंगलासारखी दुसरी फळी-खडूची खोली नाही.

वन टिकते आहे काय, याचे एका शब्दात उत्तर कोणालाच देता येणार नाही. पण त्याच जागी, त्याच रीतीने, वर्षानुवर्षे मोजत गेल्यास ते कोणत्या दिशेने चालले आहे हे निश्चित कळते, आणि दिशा वेळेवर कळली तर ती बदलता येते. पहिली नोंद येत्या ऑक्टोबरात व्हावी. वहीच्या पहिल्या पानावर गावाचे नाव, कक्ष क्रमांक, दिनांक आणि मोजणाऱ्यांची नावे लिहावीत, आणि ती वही ग्रामसभेच्या दप्तरात ठेवावी.